भाडे गोठले, घर खचले!

मृग नक्षत्र जवळ आले की मुंबईत दोन गोष्टी न चुकता घडतात. नालेसफाई पूर्ण होत आल्याची ग्वाही महापालिका देते, आणि म्हाडाचे दुरुस्ती मंडळ शहरातील अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. पहिल्या गोष्टीवर कोणी विश्वास ठेवीत नाही. दुसरीवर सर्वांचाच विश्वास असतो. परंतु यादीत नाव आलेल्या इमारतीतील माणसे मात्र सहसा घर सोडून जात नाहीत. त्यांना नोटिसा जातात, वीज-पाणी तोडण्याची तंबी मिळते, संक्रमण शिबिरात जागा देऊ केली जाते. तरी टेकूंच्या आधाराने उभ्या असलेल्या जिन्यावरून ती वरखाली करीतच राहतात. बाहेरून पाहणाऱ्यास हा वेडेपणा वाटतो. तो वेडेपणा नव्हे. संक्रमण शिबिरात गेलेली कुटुंबे तेथेच म्हातारी झालेली त्यांनी पाहिली आहेत. गिरगावातील वा काळबादेवीतील ज्या खोलीसाठी आपण महिन्याला शे-दोनशे रुपये भरतो, ती एकदा सुटली की या शहरात आपल्याला पुन्हा पाय टेकता यावयाचा नाही, हेही त्यांस पक्के ठाऊक आहे. छप्पर डोक्यावर पडण्याचे भय आणि छप्पर कायमचे जाण्याचे भय, या दोहोंत दुसरे भय मोठे ठरावे, अशी स्थिती या शहरात कोणी आणली, हा प्रश्न आम्हांस विचारावयाचा आहे.

३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातील हुसैनी इमारत कोसळली आणि तीसहून अधिक माणसे ढिगाऱ्याखाली गेली. जुलै २०२० मध्ये फोर्टमधील भानुशाली इमारतीचा मोठा भाग असाच खाली आला. अशा प्रत्येक वेळी मंत्री येतात, मृतांच्या वारसांना मदत जाहीर होते, चौकशीचा हुकूम सुटतो. आणि दोष कधी पावसावर, कधी जुन्या चुन्यावर, कधी घरमालकाच्या कृपणपणावर, तर कधी अधिकाऱ्याच्या कुचराईवर टाकला जातो. या आरोपींच्या रांगेत एक आरोपी मात्र कधीच उभा केला जात नाही. तो म्हणजे सत्तर-पाऊणशे वर्षे या शहरावर राज्य करणारा भाडेनियंत्रणाचा कायदा. त्याला हात लावणे म्हणजे भाडेकरूच्या पोटावर पाय देणे, असे समीकरण आपल्या राजकारणात वज्रलेप झाले आहे. ज्या वाचकवर्गासाठी आम्ही लिहितो त्यातील पुष्कळांचे बालपण याच कायद्याच्या छायेखाली गेले, हे आम्ही विसरलेलो नाही. म्हणूनच ही गोष्ट त्यांच्यापुढे मांडणे अगत्याचे वाटते.

कायदा झाला तेव्हा त्याला कारण होते, हे प्रथम कबूल केले पाहिजे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, मुंबईत भाड्यांवर प्रथम बंधन आले. दुसऱ्या महायुद्धात पोलाद, सिमेंट, लाकूड सारे लष्कराकडे वळले, बांधकाम थंडावले आणि शहरात माणसांची रीघ लागली. पाठोपाठ फाळणी झाली आणि निर्वासितांचे लोंढे आले. आजच्या बृहन्मुंबईच्या हद्दीत १९४१ साली सुमारे अठरा लाख माणसे होती; १९५१ साली ती तीस लाखांच्या घरात गेली. अशा वेळी घरमालकाने अडल्या माणसाला नाडू नये म्हणून सरकारने मध्ये पडणे स्वाभाविक होते. १९४७ चा कायदा त्यातून झाला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते, तेच प्रमाण भाडे, असे त्याने ठरविले. हा कायदा तात्पुरता होता. काही वर्षांची मुदत होती. मुदत संपत आली की ती वाढवायची, पुन्हा संपत आली की पुन्हा वाढवायची, असे चालत चालत हा तात्पुरता कायदा अर्धशतक जगला. पाहुणा म्हणून आलेल्याने घराचा ताबा घ्यावा, तसे झाले.

आता या कायद्याचा हिशेब पाहा. १९४० साली जी वीट, जो चुना, ज्या गवंड्याची मजुरी होती, ती १९६० साली राहिली नाही, १९८० साली तर मुळीच नाही. भाडे मात्र गोठलेले. १९९९ साली महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा आला, ३१ मार्च २००० पासून तो अमलात आला, आणि भाड्यात दरवर्षी चार टक्के वाढ करण्याची मुभा त्याने दिली. ऐकावयास हे बरे वाटते. परंतु ज्या खोलीचे भाडे २००० साली पन्नास रुपये होते, तिचे भाडे चार टक्क्यांच्या चक्रवाढीने पंचवीस वर्षांनी होते सुमारे १३३ रुपये. गवंड्याच्या एका दिवसाच्या मजुरीचा पाव हिस्साही त्यात भागत नाही. अशा वीस खोल्यांची चाळ असली तरी मालकाच्या हाती महिन्याला तीन हजार रुपयेही पडत नाहीत. त्यातून जिना, गच्ची, मोऱ्या आणि भिंतींत उगवलेला पिंपळ यांचा बंदोबस्त त्याने करावा, अशी आपली अपेक्षा! मालक कितीही धर्मात्मा असला तरी हे घडावयाचे नाही, आणि घरमालक हे काही धर्मात्मेपणासाठी प्रसिद्ध नाहीत. आपल्या विनोदी लेखकांनी तर भाड्याच्या तगाद्याखेरीज त्याला दुसरा उद्योगच ठेवला नाही. पण घर टिकायचे असेल तर ते टिकविण्यात कोणाचा तरी फायदा असावा लागतो. कायद्याने तो फायदा काढून घेतला. त्यानंतर घर लवकर पडण्यातच ज्याचा लाभ, असा मनुष्य मालक म्हणून मागे उरला.

पडझड वाढली तेव्हा सरकारने काय केले? भाडे मोकळे केले नाही. दुरुस्तीचे खाते काढले. १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ स्थापन झाले, जुन्या इमारतींवर उपकर बसला आणि त्यांचे 'उपकरप्राप्त' असे नामकरण झाले. अशा इमारती त्या वेळी १९,६४२ होत्या. पैकी १६,५०२ या १९४० पूर्वीच्या. मालकाने जे करावयाचे ते आता मंडळ करणार, आणि त्याचा खर्च थोडा उपकरातून, थोडा सरकारी तिजोरीतून निघणार. अर्ध्याहून अधिक शतक लोटले, तरी त्यांतील हजारो इमारती अजून टेकूंवर आहेत. मंडळातील माणसे वाईट होती असे आम्ही म्हणत नाही. ज्या घराचे उत्पन्न त्याच्या डागडुजीसही पुरत नाही, त्याला सरकारी प्लास्टर किती दिवस तारणार?

पुढे १९८६ मध्ये म्हाडा कायद्यात आठ-अ हे प्रकरण घालण्यात आले. इमारतीतील सत्तर टक्के रहिवाशांनी मागणी केली तर सरकारने ती संपादन करून त्यांच्या सहकारी संस्थेला द्यावी, आणि मालकाला मोबदला म्हणून मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम द्यावी, अशी त्यात तरतूद. वर सांगितलेल्या खोलीसाठी हा मोबदला आजही होतो १३,३०० रुपये! आधी भाडे कायद्याने गोठवायचे आणि मग त्या गोठलेल्या भाड्यावरून किंमत ठरवायची, या हिशेबाला काय म्हणावे? याविरुद्ध मालकांची संघटना १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. खाजगी मालमत्ता ही घटनेच्या ३९(ब) या अनुच्छेदातील 'समाजाची भौतिक साधनसंपत्ती' होते काय, असा मूळ प्रश्न त्यातून निघाला. आणि त्याचे उत्तर नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ५ नोव्हेंबर २०२४ रोजी दिले. प्रत्येक खाजगी मालमत्ता ही समाजाची साधनसंपत्ती होत नाही, असा बहुमताचा निर्णय आहे. बत्तीस वर्षे!

याच न्यायालयाने त्याआधी, डिसेंबर १९९७ मध्ये, मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात प्रमाण भाड्याची गोठवणूक एके काळी वाजवी असली तरी आता ती अवाजवी व मनमानी झाली आहे, असे स्पष्ट सांगितले होते. १९४७ च्या कायद्याची मुदत संपत आली होती, म्हणून तेवढ्यावर तो रद्द ठरविला नाही, इतकेच. १९९९ चा कायदा जन्मला तो या फटकाऱ्यानंतर. आणि त्यात एक मोठी बोलकी गोष्ट आहे. बँका, सरकारी महामंडळे, परदेशी कंपन्या आणि एक कोटी वा अधिक भांडवलाच्या कंपन्या यांना त्या कायद्याने संरक्षणातून वगळले. म्हणजे गोठलेले भाडे हा मालकावर अन्याय आहे, हे सरकारने मान्य केले. फक्त ज्या भाडेकरूंच्या हाती मतांचे गठ्ठे नाहीत, त्यांच्यापुरते. बाजारपेठेतील जुन्या पेढ्या, गोदामे आणि दुकाने मात्र संरक्षणात राहिली. ज्या दुकानाचा दिवसाचा गल्ला लाखावर जातो, त्याच्या गाळ्याचे भाडे त्याच दुकानातील गड्याच्या एका दिवसाच्या पगारात भागते, हा देखावा दक्षिण मुंबईत आजही कोणासही पाहावयास मिळेल. गरिबांचे रक्षण या नावाखाली हे चालते.

परंतु आमची मुख्य तक्रार मालकाच्या वतीने नाहीच. मालकांची संख्या थोडी आणि त्यांच्या आसवांस वाली पुष्कळ. आमची तक्रार आहे ती त्या माणसाच्या वतीने, ज्याचे नाव ना मालकाच्या वहीत आहे, ना भाडेपावतीवर. तो म्हणजे नंतर आलेला माणूस. किंवा आधीच्याच घरात नंतर जन्मलेला मुलगा.

तिसाव्या दशकात दादर, माटुंगा, शिवाजी पार्क, मरीन ड्राइव्ह येथे जी घरे उठली त्यांतील बहुतेक खाजगी माणसांनी भाड्याने देण्यासाठी बांधली. कोणा सावकाराने, कोणा वकिलाने, कोणा निवृत्त अंमलदाराने आपली पुंजी चार मजल्यांच्या इमारतीत घातली आणि म्हातारपणी भाड्यावर जगण्याचा बेत केला. त्या काळी दारावर 'टू लेट'च्या पाट्या लटकत आणि मालक भाडेकरूची वाट पाहत, हे वृद्धांच्या तोंडून आपण सर्वांनी ऐकले आहे. त्याच सुमाराचा सरकारी उद्योग पाहायचा तर बीडीडी चाळी पाहाव्यात. गव्हर्नर लॉइड यांच्या कारकिर्दीत विकास खाते निघाले, कापसाच्या गाठीवर कर बसला आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी येथे २०७ चाळी बांधून झाल्या. पण गिरणगावातील खाजगी चाळींत माणसे दाटीवाटीने राहत असता सरकारी चाळींतील असंख्य खोल्या कित्येक वर्षे रिकाम्या पडल्या होत्या. कामगाराला काय परवडते आणि कोठे राहावयास हवे, हे विकास खात्याला कळले नाही, चाळवाल्याला कळले.

१९४७ नंतर भाड्यासाठी घर बांधणे हा वेडेपणाचा धंदा झाला. जो बांधील त्याचे भाडे कायदा ठरविणार आणि जो आत शिरेल तो पिढ्यान्‌पिढ्या निघणार नाही! तेव्हा बांधणाऱ्यांनी भाड्याचे घर सोडून विकावयाचे घर बांधण्यास आरंभ केला. ज्यांच्याजवळ विकत घेण्याइतके पैसे नव्हते, त्यांच्यापुढे पागडी किंवा झोपडी हे दोनच मार्ग राहिले. पागडी म्हणजे गोठलेल्या भाड्याचा काळ्या बाजारातील जुळा भाऊच. १९९९ च्या कायद्याने तिलाही राजमान्यता दिली, हे एका अर्थाने प्रामाणिकपणाचे झाले. मधल्या काळात 'लिव्ह अँड लायसन्स'ची पळवाट निघाली होती. तीही १९७३ साली एकदा बंद झाली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी परवान्यावर राहत असलेल्यांना कायद्याने एका रात्रीत भाडेकरूचे हक्क देऊन टाकले. ज्या गृहस्थाने चार महिन्यांसाठी म्हणून आपला ब्लॉक दुसऱ्याला दिला होता, तो जन्माचा घरमालक झाला, आणि तोही नको असलेला. त्या एका दिवसाने मुंबईकराच्या मनात जी धास्ती बसली ती अद्याप उतरलेली नाही. कायदा नंतर बदलला. परवान्यावरील माणसाला बाहेर काढण्याचा सोपा मार्ग निघाला. तरी अकरा महिन्यांचा करार संपला की बिऱ्हाडे हलविण्याचा आपला रिवाज चालूच आहे, आणि मुलगा परदेशी गेल्यावर फ्लॅटला कुलूप घालून किल्ली शेजाऱ्याकडे ठेवणाऱ्या आई-बापांची संख्याही काही कमी नाही. २०११ च्या जनगणनेच्या आधारे केंद्र सरकारच्या आर्थिक पाहणीने सांगितले की मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी आहेत. देशात कोणत्याही शहरापेक्षा अधिक. त्याच जनगणनेप्रमाणे त्याच शहरातील दर शंभरांपैकी एकेचाळीसहून अधिक माणसे झोपडपट्टीत राहत होती. भारतातील शहरांत १९६१ साली चौपन्न टक्के कुटुंबे भाड्याने राहत. २०११ पर्यंत ते प्रमाण अठ्ठावीसवर आले. हे आकडे शेजारी शेजारी ठेवले म्हणजे रोगाचे निदान करण्यास वैद्य लागत नाही.

मध्यमवर्गीय वाचकाने आता स्वतःच्या घराकडे पाहावे. आजोबांनी गिरगावात पावती मिळविली. वडील त्याच दोन खोल्यांत वाढले. त्यांचे लग्न झाल्यावर धाकट्या भावाने डोंबिवली गाठली, त्याच्या मुलाने बदलापूर. शहराच्या मूळ बेटाची वस्ती २००१ ते २०११ या दशकात तेहेतीस लाखांवरून एकतीस लाखांच्याही खाली आली, आणि ठाणे जिल्ह्याची एक्याऐंशी लाखांवरून एक कोटी दहा लाखांवर गेली. मराठी माणूस मुंबईबाहेर फेकला जातो, अशी हाकाटी प्रत्येक निवडणुकीत होते. हाकाटी खोटी नाही. पण त्याला फेकणारा कोणी परका धनिक आहे, ही समजूत अर्धीच खरी आहे. ज्या कायद्याने आजोबांना वाचविले, त्याच कायद्याने नातवासाठी भाड्याचे घर बांधले जाऊ दिले नाही. एका पिढीची सोय दुसऱ्या पिढीच्या लोकल प्रवासातून वसूल झाली.

भाड्याच्या कायद्याला दुसऱ्या दोन कायद्यांनी साथ दिली. १९७६ च्या नागरी कमाल जमीनधारणा कायद्याने मुंबईत पाचशे चौरस मीटरांहून अधिक मोकळी जमीन बाळगण्यास मनाई केली. जादा जमीन सरकारने घ्यावी आणि गरिबांसाठी घरे बांधावीत, असा हेतू होता. हेतू उदात्त होता यात संशय नाही. झाले असे की जमीन ना सरकारला मिळाली, ना मालकाला वापरता आली; ती खटल्यांत अडकली, किंवा खास सवलतीच्या फायलीतून मंत्रालयाची वाट चालू लागली. केंद्राने तो कायदा १९९९ मध्ये रद्द केला. महाराष्ट्राने त्यानंतर आठ वर्षांनी, २००७ च्या नोव्हेंबरात. एवढी वर्षे आपण कशाची वाट पाहत होतो, हे त्या सवलती ज्यांच्या सहीने निघत त्यांनाच विचारावे लागेल.

दुसरी गोष्ट चटई क्षेत्र निर्देशांकाची. १९६४ च्या आराखड्यापासून किती जमिनीवर किती मजले, हे निर्देशांकाने ठरू लागले. १९९१ च्या नियमांनी बेटावर तो १.३३ आणि उपनगरांत १ असा ठेवला. म्हणजे हजार फूट जमिनीवर उपनगरात हजार फुटांचेच बांधकाम. गंमत अशी की गिरगावातील जुन्या चाळींनी इंग्रजांच्या काळातच याहून अधिक क्षेत्र व्यापलेले आहे. तेथे पडलेली इमारत सामान्य नियमाने पुन्हा पूर्वीएवढीही बांधता येईना, म्हणून मग खास नियम, त्यांस पोटनियम आणि पोटनियमांस अपवाद निघाले. जागतिक बँकेत दीर्घकाळ काम केलेले नगररचनातज्ज्ञ अलाँ बर्तो यांनी मुंबईकडे बोट दाखवून कित्येकदा सांगितले आहे की, निर्देशांक खाली दाबल्याने माणसे येण्याची थांबत नाहीत. दर माणशी मिळणारी जागा तेवढी कमी होते आणि जमिनीची किंमत वर जाते. आमच्याकडील नेहमीचे उत्तर असे की पाणी नाही, रस्ते अरुंद आहेत, गाड्यांत पाय ठेवावयास जागा नाही. अधिक मजले कसे देणार? हे उत्तर वजनदार आहे आणि ते टाळून चालणार नाही. पण माणसे तर आलीच! ती झोपडीत राहिली, खोलीत आठ-आठ जण राहिली, किंवा कर्जत-कसाऱ्याहून रोज आली. गाड्यांची गर्दी निर्देशांकाने कमी झाली नाही. दोन तासांनी लांबली. राहिला पाणी आणि रस्त्यांचा पैसा. तो मालमत्ता करातून यावयाचा. आणि २०१० पर्यंत हा कर भाड्याच्या उत्पन्नावर बेतलेल्या करयोग्य मूल्यावर आकारला जाई. भाडे गोठले तेथे पालिकेचे उत्पन्नही गोठले. आपणच नळ आवळायचा आणि पाणी नाही म्हणून कांगावा करायचा, यातला हा प्रकार आहे.

येथे कोणी म्हणेल, तुम्ही बिल्डरांची वकिली करता. बाजार मोकळा सोडला म्हणूनच तर ही दशा झाली. गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उठले आणि गिरणी कामगार देशोधडीला लागला. हा आक्षेप मनापासून घेतला जातो, म्हणून त्याचे उत्तरही मनापासून दिले पाहिजे. मुंबईत घरांचा बाजार मोकळा कधी होता? येथे जो बाजार फोफावला तो घरांचा नव्हे, परवानग्यांचा. मूळ निर्देशांक तुटपुंजा ठेवायचा आणि वरचा प्रीमियम घेऊन विकायचा. हस्तांतरणीय हक्क, फंजिबल निर्देशांक, कलम तेहतीसचे अमुक पोटकलम, असे एकेक दार थोडे थोडे किलकिले करायचे. अशा दारांतून आत जाण्याची कला ज्याला साधली तो मोठा बिल्डर झाला. चांगले घर स्वस्तात बांधणे ही कला येथे दुय्यम ठरली. दादरचा १९३५ सालचा तो वकील, चार मजले बांधून भाडे खाणारा, या खेळात पहिल्याच डावात बाद होतो. बिल्डरशाहीचा ज्यांना खरोखर संताप आहे, त्यांनी टंचाईची ही टांकसाळ बंद करण्याची मागणी केली पाहिजे. मोफत घरांची घोषणा हे याच टंचाईचे दुसरे रूप. १९९५ साली चाळीस लाख झोपडीवासीयांना मोफत घरे देण्याचा संकल्प सुटला. तीन दशकांत त्याच्या जवळपासही कोणी पोहोचले नाही, कारण मोफत घराची किंमत शेजारच्या विकाऊ घरातून काढायची होती आणि ते घर महाग राहिले तरच हा हिशेब जमणार होता.

मग करावे काय? उद्या सकाळी सारी भाडी मोकळी करा, असे आम्ही म्हणत नाही. सत्तर वर्षे विष घेऊन जगलेल्या शरीराला ते एका दिवसात तोडता येत नाही. पेन्शनवर जगणारी विधवा आणि झवेरी बाजारातील पेढी यांना एकाच मापाने मोजणे, हा आजच्या कायद्याचा पहिला दोष आहे; तो उलट्या दिशेने आपण करू नये. दुकाने, कचेऱ्या, गोदामे यांचे संरक्षण दोन-तीन वर्षांत संपवावे. त्यास सबब नाही. राहत्या घरांची भाडी ठरलेल्या पायऱ्यांनी दहा वर्षांत चालू दरापाशी आणावीत. ज्यांना ती खरोखर झेपणार नाहीत त्यांची यादी करावी, आणि फरकाची रक्कम सरकारने आपल्या तिजोरीतून द्यावी, अर्थसंकल्पात तिचे स्वतंत्र शीर्षक छापून. एका नागरिकाच्या खिशातून दुसऱ्याला दान करविणे सोपे असते. स्वतःच्या जमाखर्चात ते दाखवावे लागले म्हणजे कोण गरजू आणि कोण नव्हे, याची छाननी आपोआप होते.

जुन्या चाळींच्या बाबतीत तर बाजाराने स्वतःच एक तोडगा काढून ठेवलेला आहे. पागडीची खोली दुसऱ्याच्या नावावर होताना मिळालेल्या रकमेतील सुमारे एक तृतीयांश मालकाला आणि बाकीची भाडेकरूला, हा रिवाज मुंबईत पिढ्यांचा आहे. कोणत्याही समितीने तो बसविला नाही. दोघांच्या गरजेतून तो बसला. मालमत्तेतील आपापला वाटा मालक आणि भाडेकरू यांनी परस्पर ओळखलेला आहे. तोच वाटा कायद्याने मान्य करावा, इमारतीतील बहुसंख्यांनी मालकासह एकत्र येऊन ती विकावी किंवा बांधावी, आणि मूळ निर्देशांक रस्त्याची रुंदी, पाण्याची सोय आणि आगीपासून सुरक्षितता एवढ्याच गोष्टींवर, प्रीमियमविना, हक्क म्हणून मिळावा. मग मंडळ, संक्रमण शिबिर आणि शंभरपट भाड्याचा मोबदला यांची गरज किती उरते, ते पाहावे. नव्या भाडेकरारांसाठी केंद्राने २०२१ च्या जूनमध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा संमत केलेला आहे. भाडे दोघांच्या संमतीने ठरावे, राहत्या घरासाठी अनामत दोन महिन्यांहून अधिक नसावी, तंट्याचा निकाल ठरावीक मुदतीत लागावा, असा त्याचा आशय. तो जुन्या भाडेकरूंस लागू होत नाही, हे पुष्कळांनी वाचलेले दिसत नाही. लघुवाद न्यायालयात आजोबांनी घातलेला दावा नातू चालवितो असा ज्या शहराचा लौकिक, तेथे मुदतीच्या निकालाचे महत्त्व काय सांगावे?

या सूचनांत नवे असे थोडेच आहे. मंत्रालयातील अधिकाऱ्यांस त्या ठाऊक आहेत, आणि आमदारांस तर त्या रात्री झोपेतून उठविले तरी सांगता येतील. अडचण अशी की जुना भाडेकरू संघटित आहे, इमारतीच्या नावानिशी मतदार यादीत आहे. आणि ज्याच्यासाठी घर बांधले गेलेच नाही तो बदलापूरच्या किंवा विरारच्या यादीत नाव घालून बसला आहे. मुंबईच्या आमदाराला त्याच्या मताशी कर्तव्य नाही. नऊ न्यायमूर्तींनी तत्त्व सांगितले, पण आठ-अ प्रकरणाच्या वैधतेचा निवाडा त्यांच्या कामात नव्हता. तो नेहमीच्या खंडपीठाकडे सोडला गेला. विधिमंडळाने न्यायालयाकडे पाहत बसावे असे मात्र कोठेही लिहिलेले नाही. पुढच्या अधिवेशनात १९९९ च्या कायद्यातील भाड्याच्या कलमांना दुरुस्ती सुचविणारे विधेयक कोणी एक सभासद मांडतो काय, तो कोणत्याही पक्षाचा असो, इकडे आम्ही लक्ष ठेवून आहोत. त्याच्या मतदारसंघात गिरगाव असेल, तर त्याचे नाव आम्ही याच जागी छापू.